गिअरबॉक्सचा चेंबर आणि खान्देशचं ऊन

ऑटोमॅटिक गाडी घेऊन पाच-सहा वर्षं झाली, मीटर साठ-सत्तर हजारांच्या पुढे गेला, की मालकाला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळतात. शोरूममधला सल्लागार म्हणतो, गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे, त्याला हात लावू नका. हायवेवरचा मिस्त्री म्हणतो, भाऊ, चेंबर खोलू, फिल्टर-पॅकिंग नवं टाकू, गाडी एकदम मक्खन चालेल. दोघंही खोटं बोलत नसतात. पण मूळ प्रश्न दोघंही सहसा विचारत नाहीत: या गाडीच्या गिअरबॉक्सला खोलण्याजोगा चेंबर, म्हणजे तळाला बोल्टांनी बसवलेलं ऑइलचं भांडं, आहे का, तो खोलायचं कारण काय, आणि पुन्हा बसवल्यावर आतलं ऑइल नेमकं किती तापमानाला मोजणार?

हा शेवटचा प्रश्न पुण्यात किंवा नाशकात फारसा अडत नाही. नशिराबादेत अडतो. जळगावपासून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, भुसावळच्या वाटेवरचं हे गाव. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, सुरतेहून नागपूरकडे जाताना इथून जातो. तरसोद-फागणे आणि चिखली-तरसोद या दोन टप्प्यांत तो चौपदरी होत गेला, नशिराबादला टोलनाका बसला, आणि एकेकाळी ट्रक नि एस्ट्यांनी भरलेल्या रस्त्यावर मोठ्या गाड्या ऐंशी-नव्वदच्या वेगानं धावू लागल्या. एका बाजूला सिमेंटचा कारखाना, पुढे भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आणि त्याची राख. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे. बहुतेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ असा एक तक्ता असतो: प्रचंड उष्णता, धूळ, डोंगराळ रस्ता, थांबत-थांबत चालवणं. शोरूममध्ये लाइफटाइम हा शब्द ऐकलेल्या बहुतेकांनी तो तक्ता वाचलेला नसतो. खान्देशातल्या गाडीला त्यातल्या निदान दोन ओळी लागू पडतात. संभाजीनगरला जाताना कन्नडचा औट्रम घाट, धुळ्याहून सुरतेकडे कोंडाईबारी, इंदूरकडे बिजासन, असे घाट नेहमीचे असले तर तिसरीही.

आधी चेंबर आहे की नाही ते पाहू, कारण निम्मा गोंधळ इथंच आहे. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका पाटीखाली चार निरनिराळ्या जातींचे गिअरबॉक्स विकले जातात. सर्वांत जास्त खपतो तो एएमटी. मारुतीनं २०१४ साली सेलेरिओमध्ये तो आणला आणि छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक परवडू लागली. हा मुळात साधा हातानं टाकायचा गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. आत नेहमीचं गिअर ऑइल, खाली ते सोडायचा बोल्ट, बाजूला भरायचा बोल्ट. जाळी नाही, फिल्टर नाही, चेंबर नाही. तेव्हा वॅगनआरच्या एएमटीसाठी कुणी ‘ऑटोमॅटिकचं ऑइल आणि फिल्टर’ असं पॅकेज सांगत असेल, तर त्याला गाडी कळलेली नाही किंवा तुम्ही कळलेले आहात.

दुसरी जात ड्युअल क्लचची. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांतल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या प्रकारात गिअरचं ऑइल वेगळं आणि नियंत्रण करणाऱ्या भागाचं वेगळं असतं. तिसरी सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुली. निस्सानच्या सीव्हीटीला खाली चेंबर असतो, होंडाच्या गिअरबॉक्सला नुसता ड्रेन बोल्ट. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं ऑइल घातलं तर पट्टा घसरू लागतो आणि मग बोलायलाच नको.

चौथी जात टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलामार्फत गिअरांपर्यंत पोहोचवणारी. चेंबरची चर्चा खरी हिच्याबद्दल, पण इथेही सरसकट काही सांगता येत नाही. ह्युंदाईचा सहा गिअरचा कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स क्रेटात येतो आणि टाटांनी २०२० पासून हॅरिअरमध्येही ह्युंदाईचाच सहा गिअरचा घेतला. त्याचा फिल्टर आत, दोन अर्ध्या कवचांच्या मध्ये बसवलेला असतो. तो बदलायचा तर गिअरबॉक्स गाडीखाली उतरवून उकलावा लागतो. म्हणून तिथे ऑइल सोडायचं आणि भरायचं, एवढंच करणं शहाणपणाचं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, थार यांसारख्या गाड्यांचा गिअरबॉक्स इंजिनमागे लांबट बसवलेला असतो. त्याला खाली खराखुरा चेंबर असतो आणि आत जाळीचा फिल्टर. बीएमडब्ल्यू, ऑडीच्या मोठ्या गाड्या, जग्वार, लँड रोव्हर यांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे सहा आणि आठ गिअरचे गिअरबॉक्स असतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचा चेंबर प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच ओतून बसवलेला. तिथे फिल्टर बदलायचा म्हणजे अख्खा चेंबरच बदलायचा. मागितलेल्या ‘पॅकिंग सेट’ऐवजी दुकानदार एकदम भलं मोठं काळं भांडं पुढे ठेवतो, तेव्हा फसवलं जातंय असं वाटतं. तसं नसतं.

आता चेंबरच्या आत काय असतं ते पाहू. महामार्गालगतच्या एका गॅरेजात क्रिस्टाचा चेंबर उतरताना मी जवळून पाहिला. मिस्त्रीनं आधी गाडीच्या पोटाखालची राख-माती पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन, हवा मारून कोरडी केली. हे बघूनच माणूस जाणता आहे हे कळलं, कारण त्या गिअरबॉक्सच्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की कडेला चिकटलेली चिमूटभर धूळ आत पडली तरी झडप अडकू शकते. आधी भरायच्या तोंडाचा बोल्ट ढिला करून पाहिला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. खालचं सगळं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. मग ऑइल सोडलं, कडेचे छोटे बोल्ट एका बाजूनं थोडे-थोडे ढिले केले, आणि चेंबरचा ओठ सुटला तेव्हा उरलेलं ऑइल त्या कोपऱ्यातून घमेल्यात आलं. बोटांवर घेऊन त्यानं आधी वास पाहिला. जळका वास नव्हता, रंग मात्र लालाचा करडा-तपकिरी झाला होता.

चेंबरच्या तळाला लहान चुंबकं असतात. त्यांच्यावर राखाडी रंगाचा गुळगुळीत लगदा साचलेला होता. मिस्त्रीनं तो अंगठ्यानं चोळून दाखवला. टोचलं काहीच नाही. हा लगदा म्हणजे क्लचच्या पोलादी चकत्यांचा आणि गिअरांचा रोजच्या चालण्यातला कीस. साठ-सत्तर हजारांनंतर तो असायलाच हवा; चुंबक कोरडं निघालं तर उलट चुंबकच जागेवर आहे ना हे पाहावं. बोटाला टोचणारे चकाकते तुकडे सापडले तर बेअरिंग किंवा गिअर खाल्लं जातंय. काळे, ठिसूळ कण असतील तर क्लचचं अस्तर सुटतंय. पिवळसर चमक असेल तर पितळी बुश झिजतोय. मोठमोठी तपासणी-यंत्रं न लावता गिअरबॉक्सची प्रकृती सांगणारा यापेक्षा चांगला पुरावा नाही. माझ्या मते चेंबर खोलण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. नवीन ऑइल नुसतं बोल्टमधून सोडून-भरूनही घालता येतं, चुंबक मात्र चेंबर खोलल्याशिवाय दिसत नाही.

पुसायला त्यानं कॉटन वेस्ट वापरलं नाही, धागा न सुटणारं कापड वापरलं. बऱ्याच गॅरेजांत जुन्या बनियनच्या चिंध्या वापरतात आणि त्यातला एखादा धागा पुढे झडपेत जाऊन बसतो. मग दोष नव्या ऑइलवर येतो.

लाइफटाइमच्या वादाचं मूळ थोडं जुनं आहे. अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. तेव्हापासून या यंत्रातलं ऑइल चार कामं एकदम करतं: वंगण घालणं, उष्णता वाहून नेणं, दाब पोहोचवून क्लच दाबणं, आणि त्या क्लचांना नेमकी हवी तेवढीच पकड देणं. शेवटचं काम सर्वांत नाजूक. त्या पकडीसाठी कित्येक वर्षं स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल त्यात मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं त्यावर बंदी घातली आणि पर्याय शोधताना तेल कंपन्यांची आणि गाडी कंपन्यांची चांगलीच दमछाक झाली. सांगायचा मुद्दा हा की यातलं रसायन खर्च होत जातं. पकड बदलली की गिअर पडताना झटका बसतो किंवा उशीर लागतो, वंगण शिल्लक असलं तरी.

पुढे कृत्रिम तेलं सुधारली, त्यांचं आयुष्य वाढलं, आणि कंपन्यांनी ‘आयुष्यभरासाठी भरलेलं’ असं सांगायला सुरुवात केली. मर्सिडीजचा १९९६ मध्ये आलेला पाच गिअरचा गिअरबॉक्स असाच आयुष्यभराच्या ऑइलसह बाजारात आला. नंतर कंपनीनंच ६०,००० किलोमीटरला ते एकदा बदलावं असं सांगितलं. मर्सिडीजचंच बोलायचं तर आपल्या शेजारीच मोठं उदाहरण आहे. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदमच घेतल्या आणि देशभर बातमी झाली. त्या वयाच्या मर्सिडीज आता पंधरा वर्षांच्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे स्वस्तात जातात. घेणाऱ्याला किंमत दिसते, चेंबर दिसत नाही. पाच गिअरच्या प्रकारात तर बाजूच्या वायरींच्या कनेक्टरमधून ऑइल झिरपणं हा जुना, माहितीतला दोष आहे, आणि लोक चेंबरचं पॅकिंग बदलून थकतात.

झेडएफचं आणखी गमतीशीर. त्यांचे गिअरबॉक्स वापरणाऱ्या गाडी कंपन्या लाइफटाइम म्हणतात, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की चालवण्याच्या पद्धतीनुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. यंत्र ज्यानं बनवलं त्याचं ऐकायचं की ज्यानं विकलं त्याचं? मला यात द्विधा वाटत नाही.

पण एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. ऑइल तापतं ते मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये, इंजिन आणि चाकं यांच्या वेगात फरक असताना. गाडी सरळ रस्त्यावर एका वेगानं धावू लागली की कन्व्हर्टर लॉक होतो, घसरण थांबते आणि ऑइल निवांत राहतं. म्हणून नशिराबाद ते मलकापूर रोज जाणाऱ्या गाडीचं ऑइल पुण्याच्या गर्दीत सरपटणाऱ्या गाडीच्या ऑइलपेक्षा जास्त दिवस चांगलं राहू शकतं, बाहेर ऊन कितीही असलं तरी. नुसतं ऊन पाहून घाबरायचं कारण नाही. अडचण येते ती थांबलेल्या गाडीत. जळगाव शहरातून जाणारा जुना महामार्ग, अजिंठा चौफुलीची गर्दी, लग्नसराईतली वरात, दुपारी दोनला एसी चालू ठेवून डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहणं. तेव्हा रेडिएटरवर वारा नाही, बाहेर ४५ अंश, आणि ऑइलची उष्णता जायला जागा नाही. तेलाच्या रसायनातला ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांनी तापमान चढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. माझा निवाडा: इथल्या मिश्र वापराच्या गाडीला ६० ते ८० हजारांच्या दरम्यान चेंबर खोलावा, केवळ महामार्गावर चालणाऱ्या गाडीनं लाखापर्यंत थांबलं तरी बिघडत नाही.

आता इथली खास अडचण, ऑइल मोजण्याची. जुन्या गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिक असे. नव्यांमध्ये ती काढून टाकलीय. त्याऐवजी चेंबरच्या बाजूला किंवा तळाला एक बोल्ट असतो, काहींत त्याच्या आत उभी नळी. गाडी सपाट उभी, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून लिव्हर पी मध्ये, आणि ऑइल ठरावीक तापमानाला आलं की बोल्ट उघडायचा. जास्तीचं वाहून जातं, धार बारीक होऊन थेंब पडू लागले की बोल्ट बंद. हे तापमान कंपनीनुसार वेगळं. झेडएफच्या आठ गिअरला ३० ते ५० अंश. फोक्सवॅगन घराण्यातल्या आयसिनच्या सहा गिअरला ३५ ते ४५. टोयोटात तर लिव्हर ठरावीक रीतीनं हलवून डॅशबोर्डवरच्या डी च्या दिव्यावरून तापमान टप्प्यात आल्याचं कळायची सोय आहे.

हे आकडे थंड देशात लिहिलेले आहेत. तिथे सकाळी ऑइल दहा-पंधरा अंशांवर असतं, मिस्त्री इंजिन सुरू करून चहा पितो, तापमान सावकाश चढत टप्प्यात येतं. नशिराबादेत मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू व्हायच्या आधीच ४४-४५ वर असतं. वर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनच्या पाण्याबरोबर गरम-थंड करायची जाळी बऱ्याच नव्या गाड्यांना असते, ती ते आणखी झपाट्यानं चढवते. ३५ ते ४५ चा टप्पा उघडण्याआधीच संपलेला. मिस्त्री मग अंदाजानं काम उरकतो. ऑइल गरम असताना फुगलेलं असतं, त्यामुळे कमी ऑइलातच थेंब पडू लागतात आणि भरणं पुरं झाल्यासारखं वाटतं. गाडी थंड झाली की आत ऑइल कमी. ही गाडी गावात नीट चालते. औट्रम घाटाच्या चढावर ऑइल मागे सरतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन गुरगुरतं पण गाडी सरकत नाही. मालक म्हणतो, ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला. उलट चूक थंडीत होते. डिसेंबरच्या पहाटे, ऑइल गार आणि आक्रसलेलं असताना भरलं तर जास्त जातं, फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

उपाय अवघड नाही. गाडी आदल्या रात्री गॅरेजात सोडायची. सूर्य उगवायच्या आत काम सुरू करायचं, एसी बंद ठेवायचा, आणि तापमान बोट लावून नव्हे, स्कॅनर जोडून वाचायचं. स्कॅनर नसेल तर चेंबरवर लेझरवाला तापमापक धरला तरी बऱ्यापैकी कळतं. साडेसात-आठच्या आत बोल्ट बंद झाला पाहिजे. भर दुपारी ‘तासाभरात करून देतो’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. इंजिन बंद करून तपासणीचा बोल्ट उघडतात. इंजिन बंद झालं की कन्व्हर्टर आणि वाहिन्यांतलं काही ऑइल खाली चेंबरात उतरतं, ते भळाभळा बाहेर येतं आणि ‘जास्त भरलं होतं’ असा शोध लागतो.

इथवर झालं ते ठरवून खोलण्याचं. चेंबर बदलावा लागतो तो मात्र जास्त करून न ठरवता, कारण तो फुटतो किंवा चेपतो. कोकणात नि मुंबईत पत्र्याचे चेंबर गंजून भोक पडतं. आपल्याकडे गंजाचा त्रास कमी, आपटण्याचा जास्त. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टरनं चाकोऱ्या पाडलेल्या असतात, दिवाळीनंतर त्या दगडासारख्या वाळतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. केळीच्या बागेपर्यंत गाडी नेणाऱ्या रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. गावोगावचे आपापल्या मापानं बांधलेले गतिरोधक आहेतच. आणि पंक्चरच्या दुकानातला जॅक. घाईत तो सपाट दिसेल तिथे लावला जातो, आणि गाडीखाली सर्वांत सपाट दिसतो तो चेंबर.

चेपलेला पण न गळणारा चेंबर लोक तसाच चालवतात. फिल्टरचं तोंड चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असतं. उसाच्या रसाच्या ग्लासात नळी तळाला घट्ट टेकवून ओढली तर रस वर येत नाही, तसंच इथं होतं. गळती नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आतल्या बाजूला किती चेपलंय ते खोलून पाहावं लागतं. पत्र्याचा चेंबर थोडा चेपला असेल तर ठोकून सरळ होतो, पण त्याचा ओठ वाकडा झाला असेल तर तो टाकून द्यावा. ॲल्युमिनिअमचा तडकला तर वेल्डिंग करून देणारे भेटतात. मी ते सुचवणार नाही, कारण तापल्यावर पृष्ठभाग वाकतो आणि वेल्डिंगचे कण आत राहतात. प्लास्टिकचा फुटला तर चिकटवणं हा विनोद आहे. जळगावात प्लास्टिकची पाइपं आणि चटया होतात म्हणून कुणी तसा प्रयत्न करू नये. गरम ऑइलात उभं राहणारं काचतंतू मिसळलेलं नायलॉन वेगळं असतं. काही लँड रोव्हर गाड्यांत प्लास्टिकचा चेंबर काढायला आडवी पट्टी आड येते, म्हणून पत्र्याचा चेंबर आणि सुटा फिल्टर असा जोड तिथे सर्रास वापरतात, आणि तो चांगला आहे.

रस्त्यात चेंबर फुटला तर गाडी तिथेच बंद करायची. ‘हळूहळू भुसावळपर्यंत जाऊ’ हा विचार सर्वांत महाग पडतो. आणि ऑटोमॅटिकला टोचन करून नेऊ नये. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद, पण चाकं फिरतात म्हणजे आतले भाग कोरडे फिरत राहतात. चारही चाकं उचलून नेणारी गाडी बोलवावी, हजार-दोन हजार जास्त गेले तरी.

बसवण्याच्या कामात हात आखडता हवा. हे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे, आणि दहा-बारा न्यूटन मीटरच्या आसपास कसायचे असतात. म्हणजे लहान पान्यानं हलक्या हातानं. आपल्याकडे गळती थांबवायची म्हणजे आवळायचं, अशी सवय. आवळलं की पॅकिंग बाहेर पिळून येतं, पत्र्याचा ओठ बोल्टांच्या मध्ये उचलला जातो आणि आणखी गळतं. जास्तच जोर लावला तर गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनिअमचे आटे जातात आणि तिथून पुढे खर्चाला अंत नाही. मधून सुरू करून तिरपं-तिरपं, दोन फेऱ्यांत कसावं. कंपनीनं रबराचं पॅकिंग दिलं असेल तर त्यावर सिलिकॉनचा लेप चढवू नये. जादा लेप आत सुटून फिल्टरच्या जाळीवर जाऊन बसतो. काही झेडएफ गिअरबॉक्सना ॲल्युमिनिअमचे बोल्ट असतात, ते एकदाच वापरायचे. जुनेच परत लावून वीसपंचवीस रुपये वाचवणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

ऑइल लाल दिसलं म्हणजे चालेल, हीही एक समजूत. स्टिअरिंगचं ऑइलही लालच असतं. उलट झेडएफच्या आठ गिअरचं ऑइल हिरवट येतं, आणि मर्सिडीजच्या सात गिअरच्या पुढच्या आवृत्तीचं निळं. डब्यावर कंपनीनं सांगितलेला प्रकार नेमका लिहिलेला आहे का, एवढंच पाहावं. ‘सगळ्यांना चालणारं’ घेऊ नये.

‘ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार काही वेळा खरी असते, आणि ती नेहमी मोजणीतल्या चुकीचीच नसते. दीड-दोन लाख किलोमीटर न बदललेल्या, आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सवर लोक नवं ऑइल हा शेवटचा उपाय म्हणून करतात. क्लचचं अस्तर संपलेलं असतं, तो आठवडाभरानं गेलाच असता. शिवाय दाबाच्या यंत्रानं सगळं ऑइल एका दमात धुऊन काढलं तर कोपऱ्यात बसलेला गाळ हलून झडपांत जातो. जुन्या गाडीत यंत्रापेक्षा सोडून-भरणं बरं. चेंबर खोलला तरी एकूण सात-दहा लिटरपैकी निम्म्याच्या आसपासच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. मग हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा सोडावं-भरावं. खर्च थोडा वाढतो, धोका कमी होतो.

खर्चाचं बोलायचं तर चांगल्या ऑइल-फिल्टरसह टॉर्क कन्व्हर्टरच्या या कामाचं बिल सहज पाच आकडी होतं, आणि नवा गिअरबॉक्स लाखांत. अधिकृत कार्यशाळेत वस्तू खात्रीची मिळते. बाहेरच्या मिस्त्रीकडे वेळ मिळतो आणि चुंबक डोळ्यांनी बघायला मिळतं. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकून आलेली पोरं महामार्गावर पुष्कळ आहेत, हातात कसब आहे. स्कॅनर आणि टॉर्क पाना या दोन वस्तू ज्याच्याकडे आहेत तो माझ्या लेखी निवडण्याजोगा. निघालेलं जळकं ऑइल मात्र शेताच्या बांधावर किंवा धुळीवर ओतायला देऊ नये. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्या खरेदीदाराकडेच जायला हवं, आणि नशिराबादच्या पलीकडून वाहणाऱ्या वाघूरवरच्या धरणाचं पाणी जळगाव पितं.

सेकंड हँड ऑटोमॅटिक घ्यायला निघालेल्यांनी रंग, टायर आणि एसी बघण्यात दुपार घालवू नये. गिअरबॉक्सला चेंबर असलेली गाडी असेल तर सौद्याआधी तो आपल्या खर्चानं उघडून घेण्याची परवानगी मागावी आणि चुंबकं स्वतः पाहावीत. मालक नाही म्हणाला, तर दुसरी गाडी बघावी.